थोरला तानपुरा कशावर उभा आहे

दिलावरभाईंनी संग्रहालयाचं पत्र तिसऱ्यांदा वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पत्र चांगल्या, सोप्या मराठीत होतं. तरी ते आपल्याला नीट कळलं नसेल, अशी एक आशा त्यांना वाटत होती.

मिरजेच्या त्यांच्या तानपुऱ्यांच्या कारखान्यात त्या सकाळी सात भोपळे टांगलेले होते. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओटा. पत्र शासनाच्या नव्या संगीत-संग्रहालयाकडून आलं होतं. थोर गायिका भानुमतीबाई यांच्या तानपुऱ्यांची जोडी त्यांच्या शिष्या शरयूताई गद्रे संग्रहालयाला देणार होत्या. तिथे वाद्यं काचेआड ठेवत नसत, नव्या गायकांना वाजवायला देत. फक्त त्याआधी प्रत्येक वस्तूची अधिष्ठान-तपासणी व्हायची. धाकट्या तानपुऱ्याची झाली होती, त्यात अडचण नव्हती. थोरल्याची सगळी दुरुस्ती दिलावरभाईंच्या घराण्यात झालेली असल्यामुळे तपासणीच्या वेळी त्यांची जबानी लागणार होती.

"काय म्हणतायत?" आतून जमिलानं विचारलं.

"थोरला बाईंचाच आहे का, ते यंत्र सांगणार आहे."

जमिला बाहेर आली. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती आणि या घरात थोरल्याची खरी गोष्ट माहीत असलेली ती दुसरी व्यक्ती होती. "मग यंत्रानं सांगायच्या आधी तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तारेशी तासन् तास बोलता. माणसाशी पाच मिनिटं बोलून बघा."

गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची होती. त्या वर्षी जूनमध्ये भानुमतीबाई गेल्या आणि ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. धाकटा जवारीसाठी, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून नाद खुलवायला, मिरजेत आलेला होता, म्हणून वाचला. थोरला शरयूताईंच्या तळमजल्यावर पाच दिवस पाण्यात होता. भोपळा फुटला, सांधे सुटले, दांडीला असा पीळ पडला की कुठलीही तार तिच्यावर सरळ बसली नसती. बाई गेल्यापासून शरयूताईंनी तोंडातून स्वर काढला नव्हता. त्या भिजलेला तानपुरा दुलईत गुंडाळून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हा उभा राहिला तर गाईन, दिलावरभाई. नाहीतर नाही."

दिलावरभाईंच्या अब्बांचा एक नियम होता. एका वेळी वाद्याचा एकच भाग बदलायचा. नवा भाग जुन्या भागांच्या संगतीत वर्षभर वाजला पाहिजे, मगच दुसऱ्याला हात लावायचा. म्हणजे वाद्य तेच राहतं. अब्बांनी स्वतः थोरल्याची तबली बदलली होती, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी. खुंट्याही त्यांनीच बदलल्या होत्या, सगळं असंच, वर्षावर्षाच्या अंतरानं. पण त्या वर्षी बाईंच्या पहिल्या पुण्यतिथीला दहाच महिने उरले होते. दिलावरभाईंनी भोपळा आणि दांडी एकदम बदलली. दहाव्या महिन्यात तानपुरा ताईंच्या हातात देताना ते एवढंच म्हणाले, "भोपळा सांधला. दांडी सरळ केली."

पुण्यतिथीला शरयूताई गायल्या. लोक म्हणाले, शरयू गद्रे खरी गायिका त्या दिवशी झाली. स्वतःच्या त्या खोट्या बोलण्यापायी दिलावरभाईंनी बावीस वर्षं मान खाली घालून काढली होती.

ताईंनी तपासणीसाठी थोरला कारखान्यात पाठवला होता. तपासणीच्या आठ दिवस आधी संग्रहालयाची अवनी ढोबळे लाकडाचे नमुने घ्यायला आली. तिशीची, तुरुतुरु चालणारी, कोल्हापूरची मुलगी. तिचं यंत्र शिवणयंत्राच्या पेटीएवढं होतं.

"काका, घाबरू नका," ती म्हणाली. "हे कुणाला पकडायला आलेलं नाही."

"हे तेच ना, आधार तपासायचं?"

"आधार कार्ड नव्हे हो!" ती हसली. मग ओट्यावर मांडी घालून तिनं समजावून सांगितलं. "हे बघा. ठिणगी पडली आणि आग लागली. ठिणगी आधी, आग नंतर. ते झालं कारण. पण समजा, इथे सभा भरलीय. सभा कशामुळे आहे? माणसं जमलीत, एकजण बोलतोय, बाकीचे ऐकतायत, यामुळे. आता माणसं आधी आणि सभा नंतर, असं काही नाही. दोन्ही एकाच क्षणी आहेत. तरी सभा माणसांवर उभी आहे, माणसं सभेवर उभी नाहीत. कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीवर उभी आहे, याला आम्ही अधिष्ठान म्हणतो. साध्या भाषेत पाया. लाकडाचं वय, सरसाचे थर, जुन्या ध्वनिमुद्रणातला नाद, माणसांच्या जबान्या, हे सगळं घेऊन यंत्र तो पाया खालपर्यंत उकलत जातं."

"आणि पाया सापडला की झालं?"

"तसंच वाटायचं सगळ्यांना." अवनीनं आवाज जरा खाली आणला, जसं काही घरातलंच गुपित सांगते आहे. "मोठमोठ्या लोकांचं म्हणणं होतं की पाया पूर्ण असला की वरची गोष्ट असायलाच हवी. दुसरं काही होऊच शकत नाही. ते तपासायला यंत्र हजारो कल्पित जगं रचतं. पाया तोच ठेवतं आणि बाकी सगळं हलवून बघतं. मिठाचं केलं. ते कण तसे जोडलेले असले की शंभरातल्या शंभर जगांत मीठच. म्हणून त्याची अटळता शंभर. मग कुणीतरी माणसांच्या गोष्टी घातल्या. मैत्री, वचन, गाव. आणि आकडा शंभर येईना! पाया सगळाच्या सगळा आहे, एक वीट कमी नाही, आणि तरी काही जगांत वरची गोष्ट नाहीच. पाच वर्षं भांडतायत त्यावर. आमच्या संग्रहालयाचा नियम सोपा आहे, अटळता नव्वदच्या वर हवी."

दिलावरभाई थोरल्याकडे बघत होते. अवनीनं सुईएवढ्या टोचणीनं दांडीचा नमुना घेतला. तिनं काही विचारलं नाही, पण लाकडाचं वय आता तिच्या पेटीत होतं.

दुसऱ्या दिवशी ते सांगलीला गेले. सगळं बोलायचं ठरवून गेले होते. वाटेत रिक्षात वाक्यं जुळवली होती. शरयूताईंनी दार उघडलं. सदुसष्टाव्या वर्षीही त्यांची पाठ ताठ होती. त्यांनी आलं घालून चहा केला.

"बरं झालं आलात. धाकट्याची पंचमाची तार जरा बघा. आणि ऐका, त्या मुलीचा फोन आला होता. म्हणते, तुमच्या जबानीला मीही हजर राहिले तरी चालेल. मी येणार आहे. बाईंचा तानपुरा बाईंचाच आहे हे एक यंत्र म्हणताना ऐकायचंय मला. गंमत!"

"ताई, एक सांगायचं होतं..."

"सांगा की."

"जवारीला... या हवेत तारेखालचा दोरा जरा मागे सरकवावा लागेल."

"मग सरकवा. त्यात एवढा चेहरा काय पाडायचा?"

दिलावरभाईंनी दोरा सरकवला, तार लावली आणि घरी आले. जमिलानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता पान वाढलं. तिच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

सोमवारी कारखान्यातले भोपळे बाजूला सारून चटया घातल्या. थोरला मधोमध. शरयूताई भिंतीला टेकून बसल्या. अवनीनं यंत्र सुरू केलं आणि पडद्यावर झाडाच्या मुळ्यांसारखं एक चित्र पसरत गेलं. सगळ्यांत वर लिहिलं होतं, 'हा भानुमतीबाईंचा थोरला तानपुरा आहे.'

"काका, तुमच्या अब्बांपासून सुरुवात करा. काय काय बदललं, कधी, कसं?"

दिलावरभाईंनी सांगायला सुरुवात केली. तबली, मग दोन वर्षांनी घोडी, मग खुंट्या. प्रत्येक वाक्यासरशी पडद्यावर एक मुळी घट्ट व्हायची. मग पुराचं साल आलं. ते थांबले. अवनीही थांबली. तिला लाकडाचं वय माहीत होतं, हे तिच्या नजरेवरून त्यांना कळलं. तिनं मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत बसली, आणि त्या वागण्याबद्दल दिलावरभाईंना तिचे उपकार वाटले.

"त्या साली," ते म्हणाले, "मी भोपळा सांधला नाही. सांधण्यासारखा राहिलाच नव्हता. नवा बसवला. दांडीही नवी. दोन्ही एकदम. तबली तेवढी राहिली, आणि दोन खुंट्या. त्याही अब्बांनी बसवलेल्या. बाईंनी घेतला तेव्हाचं यात काही नाही."

"पुढे सांगा," शरयूताई म्हणाल्या.

"पुढे धाकटा शेजारी ठेवून जवारी जुळवली. एकोणीस दिवस. दोघांचा नाद वेगळा ओळखू येऊ नये इथवर."

यंत्राला तेवढं पुरलं. पडद्यावर मुळ्या स्थिर झाल्या. अवनी पुढे वाकली. "पाया तुटलेला नाही," ती आश्चर्यानं म्हणाली. "बारीक झालाय, पण सलग आहे. तबलीनं जुना भोपळाही ऐकलाय आणि नवाही. शिवाय धाकट्याशी जुळवलेला नाद आहे. म्हणजे थोरला हा थोरलाच आहे." मग तिनं खालचा आकडा वाचला आणि तिचा आवाज उतरला. "अटळता एक्केचाळीस."

"म्हणजे?" शरयूताईंनी विचारलं.

"म्हणजे हा सगळा पाया असाच्या असा असतानाही शंभरातल्या एकोणसाठ जगांत हा थोरला नाही. एक चांगला दुरुस्त केलेला तानपुरा आहे, इतकंच."

"त्या जगांत वेगळं काय आहे?"

अवनीनं बोटं फिरवली. "तुम्ही. त्या जगांत तो परत आल्यावर तुम्ही गायला नाहीत. कोपऱ्यात ठेवलात."

"मग माझं गाणं पायात धरा की."

"पायात बसत नाही ते. यंत्र घेतच नाही. घर दारावर उभं नसतं, ताई. पण दार कधी उघडलंच नाही तर त्याला घर कोण म्हणणार? तसं काहीतरी. आम्हालाही अजून नीट शब्द सापडलेला नाही."

शरयूताई उठल्या. त्यांनी पदर सावरला आणि पहिल्यांदाच दिलावरभाईंकडे बघितलं.

"बावीस वर्षं तुम्ही माझ्या घरी चहा प्यायलात, दिलावरभाई."

एवढंच बोलून त्या बाहेर पडल्या. थोरला तिथेच राहिला. संध्याकाळी त्यांची विद्यार्थिनी येऊन धाकटाही ठेवून गेली. "ताई म्हणाल्या, जोडी तुमच्याकडेच असू दे."

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. त्याच विद्यार्थिनीकडून कळलं की ताईंचा सकाळचा रियाज बंद आहे, पुण्याचा कार्यक्रम रद्द झालाय. विचारलं तर म्हणतात, घसा बरा नाही. अवनीचा निरोप आला, संग्रहालयाला धाकटा हवा आहे, थोरला नियमात बसत नाही. दिलावरभाई कानस हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे. एक वाक्य बोलून आपण एका बाईला गाणं परत दिलं, असं मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना वाटत आलं होतं. कुणाला कधी सांगितलं नव्हतं, पण वाटत आलं होतं. आता ते गाणं आपणच काढून घेतलं.

"खोटं बोलला नसतात तर ती गायलीच नसती," एकदा जमिला म्हणाली. तिनं सहसा न दाखवलेली माया त्या बोलण्यात होती.

"खरं बोललो असतो तर काय झालं असतं, हे आता कोण सांगणार?"

"तुम्ही जाऊन बोला. यंत्रासमोर बोललात, ती जबानी झाली. तिच्याशी कुठे बोललात?"

सोळाव्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही तानपुरे दुलयांत बांधले आणि सांगलीला गेले. शरयूताईंनी दार उघडलं, पण 'या' म्हणाल्या नाहीत.

"आत ठेवा आणि जा."

दिलावरभाईंनी तानपुरे आत ठेवले. मग स्वतःही सतरंजीच्या कडेला बसले.

"आज सगळं बोलून जाणार, ताई. मग हाकला."

आणि ते बोलले. मंगळवेढ्याकडून भोपळा कसा आणला, तो पुरता वाळायच्या आत कसा वापरावा लागला, दांडीचं लाकूड अब्बांनी स्वतःच्या शेवटच्या वाद्यासाठी जपून ठेवलेलं होतं, ते कसं काढलं. अब्बांचा नियम मोडताना कसं भरून आलं. "तुम्ही म्हणाला होतात, उभा राहिला तर गाईन. मला वर्षभर थांबायची हिंमत झाली नाही. आणि नंतर सांगायचीही झाली नाही. पहिली चूक तुमच्यासाठी केली असं म्हणता येईल. पण दुसरी माझीच. मला चहाला बोलावणं बंद कराल, या भीतीपोटी."

शरयूताईंनी दुलयांच्या गाठी सोडल्या आणि म्हणाल्या, "लावा दोन्ही."

त्यांनी दोन्ही तानपुरे लावले. ताई भिंतीकडे तोंड करून बसल्या. "आता कुठलाही एक छेडा. मग दुसरा. कुठला ते सांगू नका."

दिलावरभाईंनी थोरल्याच्या तारा छेडल्या. चौथी तार घुमायच्या आत ताई म्हणाल्या, "हा नवा."

त्यांनी धाकटा छेडला. "हा जुना." त्यांनी पुन्हा थोरला घेतला, मग पुन्हा थोरला, मग धाकटा. एकदाही चुकल्या नाहीत.

"तुम्हाला कळत होतं?" दिलावरभाईंनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. खर्जात हा जरा रिता वाजतो. पोकळ नाही, पण मध्ये कुणीतरी उठून गेल्यासारखा." त्या वळल्या. डोळे भरलेले होते. "मला वाटलं, बाई गेल्या म्हणून मला तसा ऐकू येतोय. दुःखाचा आवाज असा असतो असं समजून चालले मी. भोपळ्याचा आवाज होता तो!"

दिलावरभाईंच्या तोंडून नकळत निघालं, "म्हणजे जुळला नव्हता?"

"नव्हता."

"एकोणीस दिवस घासली मी जवारी!"

"वाया गेले तुमचे एकोणीस दिवस," ताई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि त्या हसल्या. आधी रागानं हसल्या, मग खरंच. दिलावरभाईंना हसावं की माफी मागावी ते कळेना. सबंध आयुष्यातलं सगळ्यांत चोख काम म्हणून जे मनाशी धरलं होतं, तेच नेमकं कच्चं निघालं होतं.

"बाई होत्या तोवर मी त्यांची नक्कल करत होते," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "चांगली नक्कल, पण नक्कलच. हा परत आला आणि त्यात ती रिकामी जागा ऐकू आली. वाटलं, ही बाईंची जागा. ती तशीच ठेवून तिच्या कडेकडेनं गायला लागले. ते माझं गाणं झालं. म्हणजे आता बघा, माझं गाणं कशावर उभं आहे? तुमच्या थापेवर आणि माझ्या चुकीवर. सांगा त्या मुलीला, घाल म्हणावं यंत्रात!"

त्यांनी खरोखरच अवनीला फोन लावला. अवनीनं सगळं दोनदा विचारून घेतलं.

"ताई, हे नवीन आहे. पुन्हा मोजलं तर आकडा बदलेल."

"वाढेल का कमी होईल?"

"मोजल्याशिवाय नाही सांगता येणार. नव्वदच्या वर गेला तर संग्रहालय दोन्ही घेईल."

शरयूताईंनी थोरल्याकडे बघितलं. "अवनी, तुझा एक्केचाळीस आकडा ऐकून मी पंधरा दिवस झोपले नाही. वाटलं, इतकी तकलादू गोष्ट उराशी धरून बसले होते. आता वाटतंय, अटळ असती तर त्यात माझं काय होतं? मी गायले काय आणि न गायले काय, हा थोरला राहिलाच असता. राहू दे, पुन्हा मोजू नको. धाकटा न्या. त्यात बाईंचं लाकूड आहे, तो खरा त्यांचा. हा माझ्याकडे राहील."

"जोडी फोडायची, ताई?" दिलावरभाई कळवळून म्हणाले.

"पुढच्या महिन्यात नेतील. आज आहे की जोडी." त्यांनी फोन ठेवला आणि थोरला उचलून मांडीशी घेतला. "धाकटा घ्या. बसा मागे."

"मी?" दिलावरभाई मागेच सरकले. वाद्य लावायचं, कापडात बांधायचं आणि गायकाच्या हातात देऊन दाराशी उभं राहायचं, ही त्यांच्या घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची रीत. गायकाच्या मागे बसून तारा छेडायचा मान शिष्यांचा. "आमच्यात कुणी मागे बसलेलं नाही, ताई. लय राहायची नाही माझी."

"विद्यार्थिनी साडेदहाला येते. मला आत्ता गायचंय. बसा."

ते बसले. धाकटा खांद्याला टेकवला आणि तारा छेडू लागले. बोटं घाईत होती. चार तारा संपायच्या आत पुन्हा पहिलीवर यायची, जसा काही कुणी मागे लागला आहे.

"पळू नका," मागे न वळता शरयूताई म्हणाल्या. "तार संपेपर्यंत थांबा. तुम्हीच लावलीय ना?"

दिलावरभाईंनी श्वास घेतला आणि बोटं सैल सोडली. हळूहळू दोन्ही तानपुरे एकमेकांशेजारून वाहू लागले. आता त्यांनाही ऐकू आलं. केसभर फरक होता, खर्जात, अगदी तळाशी. बावीस वर्षं त्यांचा स्वतःचा कान तो ऐकायला तयार नव्हता.

शरयूताईंनी डोळे मिटले आणि त्या केसभर जागेत षड्ज ठेवला.